घरातला अचानक मृत्यू आणि जोडीदारावरचा संशय : घाईचं दफन कुणाच्याच फायद्याचं नसतं

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गातला एक मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. त्याच्या अम्मीचा इंतकाल झाला होता. वय जेमतेम बत्तीस. रात्री जेवून झोपली, सकाळी फजरला उठलीच नाही. शौहरने शेजाऱ्यांना हाक मारली, जवळच्या डॉक्टरांनी येऊन नाडी बघितली आणि मान हलवली. जोहरच्या नमाजनंतर दफन झालं सुद्धा. माहेरची माणसं दुसऱ्या जिल्ह्यातून निघाली होती, ती पोहोचली तेव्हा कबरीवर माती पडत होती.

त्याच संध्याकाळी कुजबुज सुरू झाली. गुस्ल देणाऱ्या बायकांपैकी एकीने पाठीवर निळे-जांभळे डाग बघितले होते. "मारलं असेल," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी "मारलं असेल" चं "मारलंच" झालं. व्हॉट्सअॅपवर फिरलं. शौहर म्हणायचा, मी तर झोपलो होतो. लोक म्हणायचे, एका खोलीत होता, मग कळलं कसं नाही? सहा महिन्यांनी त्याने दुसरा निकाह केला, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली.

तो मुलगा मधल्या सुट्टीत एकटा बसायला लागला. एक दिवस भांडणात दुसऱ्या मुलाने त्याला म्हटलं, "तेरे अब्बाने मारा तेरी अम्मी कू." मी धावत गेले. पण त्या पोराला काय सांगणार? "नाही बेटा, असं काही नाही," असं म्हणायला माझ्याकडे तरी काय पुरावा होता?

हा लेख मी त्या मुलासाठी लिहीत आहे. असं घर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखादं तरी निघतं. कधी बीवी जाते आणि संशय शौहरवर येतो, कधी शौहर जातो आणि बोटं बीवीकडे वळतात. अशा वेळी काय करायचं असतं हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही नीट माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर.

संशय आधी जोडीदारावरच का येतो?

साधं कारण आहे. बंद घरात रात्री जे घडलं ते बघणारा तोच एक असतो. शेवटचं बोलणं त्याच्याशी झालेलं असतं, शेवटचं जेवण त्याच्यासोबत झालेलं असतं. त्यामुळे पोलीस पहिला प्रश्न त्यालाच विचारणार. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. प्रश्न विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे.

कायद्यातही याला जागा आहे. जुन्या पुरावा कायद्यात कलम १०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ झालं. जी गोष्ट एखाद्या माणसालाच खास माहीत असू शकते, ती त्याने सांगितली पाहिजे, असा त्याचा अर्थ. घरात दोघंच होते आणि एकाचा जीव गेला, तर दुसऱ्याने काय झालं ते सांगायला हवं.

पण याचा अर्थ "तूच निर्दोष असल्याचं सिद्ध कर" असा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच, शंभूनाथ मेहरा खटल्यात, स्पष्ट केलं की गुन्हा सिद्ध करण्याची मूळ जबाबदारी सरकार पक्षाचीच राहते. आधी त्यांनी पुरावा उभा करायचा, मग आरोपीच्या खुलाशाचा प्रश्न येतो. मोहल्ल्यात मात्र आपण उलटं करतो. आधी निकाल देतो आणि नंतर पुरावा शोधत बसतो.

एडी म्हणजे काय?

मृत्यूचं कारण कळत नसेल, तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. बोलीत आपण "एडी दाखल झाली" म्हणतो. हा गुन्हा नोंदवणं नाही. कुणाचं नाव आरोपी म्हणून त्यात नसतं. मृत्यू कसा झाला एवढंच शोधायचं असतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं.

पोलीस घरी येतात, त्याच भागातल्या किमान दोन प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून बोलावतात आणि मृतदेहाचा पंचनामा करतात. अंगावर काय खुणा आहेत, देह कुठे आणि कसा पडला होता, जवळ काय होतं, हे सगळं लिहिलं जातं. हा अहवाल चोवीस तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. कारणाबद्दल शंका असेल तर देह पोस्टमार्टमला पाठवतात.

विवाहितेच्या बाबतीत नियम जास्त कडक आहे. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना तिने आत्महत्या केली किंवा संशयास्पद रीतीने ती गेली, तर पोस्टमार्टम होतं आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशीही होते. त्या मुदतीत तिच्या नातेवाइकाने मागणी केली तरी देह तपासणीला पाठवावा लागतो. हुंड्यासाठी छळ झाल्याचं पुढे आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८० लागतं, त्यात किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. "आपल्यात हुंडा नसतो, मेहर असतो" असं म्हणून इथे सुटका नाही. हा कायदा सगळ्यांना सारखाच आहे, आणि जहेजच्या नावाखाली आपल्याकडे काय काय मागितलं जातं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

पोस्टमार्टमची भीती

खरी अडचण इथे येते. "मय्यतची चिरफाड नको," "दफनला उशीर नको," "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार?" घरातले मोठे हेच म्हणतात. त्यांच्या भावना खोट्या नाहीत. मय्यतचा अदब आणि दफनची घाई या दोन्ही गोष्टी आपल्याला लहानपणापासून शिकवलेल्या आहेत.

पण मय्यतचा एक हक्क हाही आहे की तिच्यावर जुल्म झाला असेल तर तो उघड व्हावा. मक्केतल्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८७ मध्ये या प्रश्नावर विचार करून गुन्ह्याच्या तपासासाठी गरज असेल तर पोस्टमार्टमला परवानगी दिली आहे. गरजेपुरतंच करावं आणि देहाचा मान राखावा, ही त्यातली काळजी. आपल्या मौलानासाहेबांना शांतपणे विचारलं तर तेही समजावून सांगतील.

व्यवहाराच्या गोष्टीही माहीत असाव्यात. सरकारी दवाखान्यात पोस्टमार्टमसाठी पैसे लागत नाहीत. प्रत्यक्ष तपासणीला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो कागदपत्रांत आणि रांगेत. म्हणून पोलिसांना लवकर कळवलं तर देह लवकर मिळतो. २०२१ पासून केंद्र सरकारने सूर्यास्तानंतरही पोस्टमार्टमला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं सहसा रात्री घेत नाहीत. त्यामुळे सकाळपर्यंत थांबावं लागू शकतं. तपासणीनंतर देह शिवून परत देतात. गुस्ल, कफन, जनाजा सगळं नीट करता येतं.

पुष्कळदा कागदावर "व्हिसेरा राखून ठेवला" असं लिहून येतं. लोक घाबरतात, वाटतं विष सापडलं. तसं नसतं. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग आणि रक्त रासायनिक तपासणीला पाठवलंय, एवढाच अर्थ. मुंबईत कलिना, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणी न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. तिथून अहवाल यायला महिने लागतात. तोपर्यंत कुणालाही निर्दोष किंवा गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नसतो.

पाठीवरचे निळे डाग

आता त्या डागांबद्दल. हृदय थांबलं की रक्त वाहायचं थांबतं आणि वजनाने देहाच्या खालच्या भागात साचतं. माणूस पाठीवर असेल तर पाठ, कंबर, मांड्यांच्या मागे निळसर-जांभळे डाग दिसतात. मृत्यूनंतर एक-दोन तासांत ते दिसू लागतात आणि पुढच्या काही तासांत पक्के होतात. हे प्रत्येक देहाच्या बाबतीत घडतं. ज्यांनी कधी बघितलेलं नाही त्यांना ते माराचे वळ वाटतात. तोंडाला फेस येणं, नखं निळी पडणं, अंग आखडणं यावरूनही लोक लगेच विषाचा निष्कर्ष काढतात. हृदयविकार, फिट, श्वास कोंडणं, अशा कितीतरी कारणांनी हे होऊ शकतं.

उलट बाजूही तितकीच खरी. गळ्याभोवतीचा वळ, नखांचे ओरखडे, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके, हातावर जुन्या-नव्या जखमा, या गोष्टी साध्या नसतात. कुठला डाग साचलेल्या रक्ताचा आणि कुठला माराचा हे डॉक्टरच सांगू शकतात, आपण नाही.

गुस्ल देणाऱ्या बहिणींना माझी हात जोडून विनंती आहे. मय्यतचा ऐब झाकायचा असतो हे आपण शिकलोय, आणि ते बरोबरच आहे. पण ऐब झाकणं वेगळं आणि जखम लपवणं वेगळं. काही खटकलं तर हात थांबवा, घरातल्या जबाबदार माणसाला सांगा आणि पोलीस येईपर्यंत गुस्ल पुढे ढकला. पाणी पडलं की खुणा आणि पुरावे दोन्ही जाऊ शकतात. एवढं करून घरी जा, आणि मग तोंड बंद ठेवा. आमच्या मोहल्ल्यात नेमकं उलटं झालं. सांगायचं तिथे कुणी बोललं नाही, आणि नंतर सगळा मोहल्ला बोलला.

झोपेत माणूस कशाकशाने जातो

तरुण माणूस झोपेत जातो म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच, असं नसतं. हृदयाची ठोक्यांची लय बिघडणं, मेंदूत रक्तस्राव, पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाणं, मिरगीचा झटका, ही कारणं तरुणांतही असतात. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावला किंवा बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड वायूने माणूस आवाज न करता जातो.

गावाकडे मण्यार आहे. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि बऱ्याचदा कळतही नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही, खूण इतकी बारीक की शोधून सापडत नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. शेजारी झोपलेल्याला सकाळी थंड देह सापडतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. पोस्टमार्टम झालं तर निदान बाकीची कारणं वगळता येतात. शिवाय शेतकऱ्याचं घर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला दोन लाखांची मदत आहे, पण त्यासाठी कागद लागतात. घाईत दफन केलं की तोही हक्क गेला.

दोन खटले, दोन टोकं

महाराष्ट्रातलेच दोन खटले देशभर कायद्याच्या वर्गात शिकवले जातात.

पहिला, पुण्याचा सारडा खटला. १९८२ च्या जूनमध्ये लग्नाला चार महिने झालेली विवाहिता सायनाइडने मरण पावली. संशय पतीवर आला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याला सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून ती खूप दुःखी होती हे दिसत होतं, आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती, आणि पतीकडे विष असल्याचा पुरावा नव्हता. केवळ परिस्थितीवरून दोषी ठरवायचं तर साखळीचा प्रत्येक दुवा पक्का हवा आणि त्यातून गुन्ह्याशिवाय दुसरा कुठलाच अर्थ निघता कामा नये, ही पाच तत्त्वं या निकालात सांगितली गेली. "केलं असेल" आणि "केलंच आहे" यांतलं अंतर पुराव्यानेच भरावं लागतं.

दुसरा, २००६ चा त्रिमुख किरकन खटला. विवाहिता सासरी मरण पावली. माहेरी निरोप गेला की साप चावला. पोस्टमार्टममध्ये निघालं की गळा दाबल्याने श्वास कोंडून मृत्यू झालाय. सर्वोच्च न्यायालयाने पतीची शिक्षा कायम ठेवली आणि सांगितलं की घराच्या चार भिंतींत असा गुन्हा घडतो तेव्हा घरातल्यांनी खुलासा द्यायला हवा. खुलासा दिलाच नाही किंवा खोटा दिला तर तोही साखळीतला एक दुवा ठरतो.

या दोन्हींत नातेवाईक, शेजारी, पोलीस सगळ्यांचं काही ना काही मत होतंच. पण दुसऱ्या खटल्यात खोटं पकडलं गेलं ते पोस्टमार्टममुळे, आणि पहिल्यात माणूस फाशीच्या दोरापासून परतला तो पुरावा काटेकोरपणे तपासल्यामुळे. तपास हा एकट्या मयताचाही नाही आणि एकट्या आरोपीचाही नाही, दोघांचा आहे.

मग कुणी काय करावं?

*जोडीदाराने :* देह हलवू नका, अंथरूण, भांडी, औषधं धुऊ-फेकू नका. स्वतः ११२ वर फोन करा. माहेरच्यांना किंवा सासरच्यांना खरं तेच पहिल्याच फोनमध्ये सांगा. "तब्येत खराब आहे, या" असं सांगून नंतर बदललेली गोष्ट संशय वाढवते. पोस्टमार्टम आपणहून मागा. तुम्ही निर्दोष असाल तर तो कागद आयुष्यभर तुमची ढाल होईल. जबाब देताना जे आठवतं तेच सांगा, अंदाज करू नका. वकील घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, हा हक्क राज्यघटनेच्या कलम २० ने दिला आहे.

*बेवा झालेल्या बहिणीने :* इद्दतमध्ये पोलीस ठाण्यात कसं जायचं, हा प्रश्न पडतो. साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा, असा कायदाच आहे. सूर्यास्तानंतर स्त्रीला, अपवाद सोडता, अटकही करता येत नाही. हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

*माहेरच्यांनी किंवा मयताच्या घरच्यांनी :* शंका असेल तर दफनच्या आधी बोला, लेखी बोला. पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. नुसती आरडाओरड किंवा सासरच्या घरावर चाल करून जाणं याने तुमचीच बाजू कमजोर होते. जुने मेसेज, कॉल, दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवा. दफन झालं असेल तरी सगळं संपलं असं नाही, दंडाधिकारी देह बाहेर काढून तपासणीचा आदेश देऊ शकतात. पण तो मार्ग कठीण आहे, आणि दिवस जातील तसा पुरावा विरत जातो.

*मोहल्ल्याने आणि जमातच्या जबाबदारांनी :* मृत्यूचं कारण डॉक्टरांना सांगता येत नसेल तर दफनची वेळ जाहीर करायची घाई करू नका. "बदनामी होईल" म्हणून प्रकरण मिटवू नका. आणि ज्याच्याबद्दल काही सिद्ध नाही त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका. आपण फॉरवर्ड केलेल्या एका ओळीने एखाद्याची मुलं वर्गात एकटी पडतात.

खैबरचा प्रसंग

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. खैबरमध्ये एका सहाबींचा देह सापडला. नातेवाईक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले, त्यांचा संशय तिथल्या यहुद्यांवर होता. तुम्ही शपथ घ्याल का, असं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही डोळ्यांनी बघितलेलं नाही. प्रेषितांनी (स.) संशयावरून कुणाला शिक्षा दिली नाही. मयताच्या घरच्यांचं नुकसान होऊ नये म्हणून शंभर उंटांचा मोबदला स्वतःकडून दिला. ज्यांच्याशी वैर होतं त्यांच्याबाबतही पुराव्याशिवाय निकाल नाही, आणि मयताचं रक्त वाऱ्यावरही सोडलं नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याचा आणि संशयापासून दूर राहण्याचा हुकूम आहे, तो आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीच्या पायरीवरच विसरतो.

तो मुलगा आता कॉलेजला आहे. मध्ये एकदा बाजारात भेटला. सलाम केला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. निघताना त्याने विचारलं, "मॅडम, त्या वेळी पोस्टमार्टम केलं असतं तर कळलं असतं ना?"

मी म्हटलं, "बहुतेक कळलं असतं, बेटा."

त्याचे अब्बा गुन्हेगार असतील तर अम्मीला इन्साफ मिळाला असता. नसतील तर त्याला अब्बा परत मिळाले असते. त्या एका दुपारच्या घाईने आम्ही त्याच्याकडून दोन्ही हिरावून घेतलं. पुढच्या वेळी कुणाच्या घरी असा प्रसंग आला, अल्लाह न करो, तर निदान आपण तरी थांबा म्हणूया.